सांधलेले छायाचित्र आणि प्रमाणभूत नकाशा : गावठाण-मोजणीच्या संदर्भात एक चिकित्सा

ड्रोनच्या साह्याने घेतलेली शेकडो छायाचित्रे संगणकाने एकत्र सांधून भूमीचा अखंड नकाशा तयार करण्याची पद्धती आता विशेष प्रयोगापुरती राहिलेली नाही. शेती, खाणी, रस्ते, पुरातत्त्वीय उत्खनने आणि गावठाणे या सर्व क्षेत्रांत तिचा प्रवेश झाला आहे. या पद्धतीविषयीच्या व्यावहारिक लेखनात एक शब्द वारंवार आढळतो, तो म्हणजे ‘यशस्वी जोडणी’. छायाचित्रे एकमेकांस जुळली, मध्ये भोके राहिली नाहीत, सांधे दिसेनासे झाले, म्हणजे काम यशस्वी झाले, असे या लेखनात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासून पाहण्याची आवश्यकता आहे. जुळलेले चित्र आणि विश्वसनीय नकाशा या दोन भिन्न वस्तू होत. पहिलीच्या अभावी दुसरी संभवत नाही हे खरे. परंतु पहिली सिद्ध झाल्याने दुसरी आपोआप सिद्ध होते असे मात्र नाही. किंबहुना काही प्रसंगी जोडणी सुलभ करणारा उपायच पुराव्यास मारक ठरतो, असे दिसून येईल.

१

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. महाराष्ट्रातील गावठाणांच्या मोजणीत तो घरादाराचा प्रश्न बनतो. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून ज्या पद्धतीची जमीनमोजणी रूढ केली, तिचे प्रयोजन शेतसाऱ्याची आकारणी हे होते. त्यामुळे शेत हे तिचे एकक ठरले. ३३ फुटी साखळीने शेतांच्या हद्दी मोजल्या गेल्या. परंतु गावठाणावर शेतसारा नसल्याने त्याची बाह्य सीमा आखून आतील घरे तशीच सोडून देण्यात आली. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये गावठाणातील जमिनींच्या मोजणीची तरतूद झाली. तथापि असंख्य लहान गावांतील घरांना नकाशा नव्हता तो नव्हताच. घर पिढ्यान्‌पिढ्या ताब्यात आहे, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्याची घरपट्टीही लागलेली आहे. पण त्याची हद्द कागदावर कोठेही नाही, अशी ही स्थिती होती.

पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झालेला प्रयोग आणि त्यानंतर २४ एप्रिल २०२० रोजी आरंभ झालेली केंद्र शासनाची स्वामित्व योजना यांमुळे ही उणीव भरून काढण्याचा मार्ग खुला झाला. १७६७ पासून चालत आलेल्या भारतीय सर्वेक्षण खात्याने ड्रोनने गावठाणाची छायाचित्रे घ्यावीत, त्यांवरून १:५०० प्रमाणाचा नकाशा व्हावा, आणि त्या आधारे घरमालकास मिळकत पत्रिका मिळावी, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. या मिळकत पत्रिकेवर कर्ज काढता येते, वाटणी करता येते आणि वाद उद्भवल्यास ती पुढे ठेवता येते. अर्थात सांधलेले छायाचित्र हे येथे केवळ चित्र राहत नाही. ते दस्तऐवजाच्या पदवीस पोहोचते. आणि जे दस्तऐवज होऊ पाहते, त्याने दस्तऐवजाच्या चिकित्सेस सामोरे गेले पाहिजे.

२

सांधणी म्हणजे नेमके काय, याविषयी प्रथम स्पष्टता हवी. छायाचित्रांच्या कडा एकमेकींस चिकटविणे ही कल्पना जुनी आहे. विमानातून घेतलेली छायाचित्रे फळीवर डकवून मोझेक करण्याची रीत गेल्या शतकात सर्वत्र होती. कागदाची कड तिरपी फाडून व घासून पातळ करीत, म्हणजे सांधा डोळ्यांस दिसत नसे. परंतु त्या काळचे मोजणीतज्ज्ञ ‘नियंत्रित’ व ‘अनियंत्रित’ मोझेक असा भेद कटाक्षाने करीत. पहिल्यातील छायाचित्रे जमिनीवर मोजलेल्या बिंदूंना बांधलेली असत. दुसऱ्यातील केवळ परस्परांना. दुसरे पाहण्यास कितीही सुबक असले तरी त्यावर अंतर मोजू नये, हा दंडक होता. संगणकाने सांधा अदृश्य करण्याची कला पूर्णत्वास नेली. दुर्दैवाने त्याबरोबर हा भेदही पुष्कळांच्या दृष्टीतून अदृश्य झाला.

आजची पद्धती कडा चिकटविण्याची नव्हे. प्रत्येक छायाचित्रात संगणक हजारो ठळक बिंदू शोधतो : दगडाचा कोपरा, फरशीची भेग, कौलाचा तुकडा. एका चित्रातील बिंदू दुसऱ्या चित्रात ओळखण्याची जी रीत डेव्हिड लो यांनी १९९९ व २००४ मध्ये मांडली, ती व तिच्यासारख्या रीती येथे उपयोगी पडतात. मग तोच बिंदू अनेक चित्रांत कोठे कोठे दिसतो, यावरून प्रत्येक वेळी कॅमेरा कोठे होता, त्याचा रोख कोणता होता आणि बिंदू अवकाशात कोठे आहे, हे सर्व एकदम सोडविले जाते. या एकत्रित समायोजनाचा गणिती पाया डुआन ब्राउन यांनी १९५८ च्या सुमारास घातला. त्यानंतर पृष्ठभागाचे त्रिमित प्रतिरूप तयार होते आणि त्यावर छायाचित्रे सरळ वरून पाहिल्याप्रमाणे पसरली जातात. तोच ऑर्थोफोटो होय.

या क्रियेचे पाठचिकित्सेशी असलेले साम्य लक्षणीय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली, तीत अनेक पोथ्यांची साक्ष ताडून पाठ निश्चित झाला. येथे छायाचित्रे या पोथ्या आहेत आणि भूमीवरील बिंदू हा पाठ आहे. एकाच पोथीत आढळणारा पाठ जसा संशयास्पद, तसाच एकाच छायाचित्रात दिसणारा बिंदू निरुपयोगी. त्याचे स्थान ठरविताच येत नाही. साम्य इतकेच नाही. एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा स्वतंत्र साक्षी नव्हेत, हे पाठचिकित्सकास ठाऊक असते. छायाचित्रे घेणाऱ्यास ते अनेकदा ठाऊक नसते.

३

आच्छादनाचा, म्हणजे व्यवहारात ज्यास ओव्हरलॅप म्हणतात त्याचा, विचार या दृष्टीने करावा लागेल. लगतच्या दोन छायाचित्रांत पुढच्या दिशेने ७५ ते ८० टक्के व शेजारच्या दोन रांगांत ६० ते ७० टक्के भाग सामाईक असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. पूर्वी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांस पुढे ६० व बाजूस २० ते ३० टक्के पुरेसे होत असत. ड्रोन वाऱ्याने हेलकावतो, तो खालून उडतो आणि त्याचे भिंग साधे असते. म्हणून आजचा आकडा मोठा आहे. यावरून ‘जितके अधिक आच्छादन तितका नकाशा चांगला’ असे सूत्र प्रचारात आले. ते अर्धसत्य आहे.

एक उदाहरण घेऊ. १३.२ मिलिमीटर रुंदीच्या संवेदकावर ५,४७२ पिक्सेल आणि ८.८ मिलिमीटर नाभीय अंतर असलेला कॅमेरा १०० मीटर उंचीवर नेला, तर एक पिक्सेल जमिनीवर सुमारे २.७ सेंटिमीटर व्यापतो आणि एक छायाचित्र सुमारे १५० मीटर × १०० मीटर क्षेत्र व्यापते. चित्राची आखूड बाजू उड्डाणाच्या दिशेस ठेवल्यास ८० टक्के आच्छादनासाठी दर २० मीटरवर छायाचित्र घ्यावे लागेल, आणि बाजूच्या ७० टक्क्यांसाठी रांगा ४५ मीटर अंतरावर ठेवाव्या लागतील. हे गणित सपाट भूमीचे आहे. त्याच उड्डाणात मध्येच ४० मीटर उंचीची टेकडी आली, तर टेकडीच्या माथ्यावर ड्रोनची उंची ६० मीटरच उरते. तेथे छायाचित्र केवळ ९० × ६० मीटर क्षेत्र व्यापते. २० मीटरचे व ४५ मीटरचे अंतर मात्र तेच राहते. परिणामी पुढील आच्छादन ६७ टक्क्यांवर आणि बाजूचे ५० टक्क्यांवर येते. टेकडीच्या कुशीत वसलेल्या गावाच्या नकाशात उंचावरील घरेच विस्कटलेली आढळतात, त्यांचे कारण हे असते. ज्या आकड्याचा आधार घेऊन उड्डाण आखले, तो आकडा नेमका जेथे हवा तेथेच खरा नसतो. भूपृष्ठाच्या चढउतारांस अनुसरून उंची बदलीत उड्डाण करणे, अथवा निदान सर्वांत उंच स्थान धरून आच्छादन ठरविणे, हा त्यावरील उपाय होय.

परंतु आच्छादन ८० वरून ९० टक्क्यांवर नेल्याने काय साधते? लगतच्या छायाचित्रांत साम्य वाढून बिंदू ओळखणे सुलभ होते, हे मान्य. तथापि बिंदूकडे जाणाऱ्या किरणांपैकी टोकाचे किरण तेच राहतात; मधले तेवढे वाढतात. उंचीची निश्चिती मुख्यत्वे या किरणांमधील कोनावर अवलंबून असल्याने साक्षींची संख्या दुप्पट झाली तरी साक्षीचे बळ दुप्पट होत नाही. आणि ज्या ठिकाणी साक्षच खोटी आहे, तेथे संख्येचा काहीच उपयोग नाही. देवळापुढील पिंपळाची पाने दोन छायाचित्रांच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत हललेली असतात. एका चित्रातील पान दुसऱ्यात त्या जागी नसते. ओढ्याचे व तळ्याचे पाणी तर कोठल्याही दोन चित्रांत सारखे नसते. याच्या उलट पन्हळी पत्र्यांच्या व मंगलोरी कौलांच्या छपरांवर सर्वच ओळी एकमेकींसारख्या असतात, आणि संगणक एक पन्हळ दुसरी समजून चुकतो. पहिल्या प्रकारात भोक पडते, म्हणून दोष उघड होतो. दुसऱ्या प्रकारात चूक बेमालूम जुळते, म्हणून ती अधिक घातक होय.

शटरच्या बाबतीतही हेच. ताशी सुमारे २९ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ८ मीटर वेगाने जाणाऱ्या ड्रोनने एका सेकंदाच्या ५०० व्या भागात छायाचित्र घेतले, तर त्या अवधीत तो १.६ सेंटिमीटर पुढे सरकतो. ही अस्पष्टता एका पिक्सेलहून कमी आहे. सायंकाळी प्रकाश मंद झाल्यामुळे तोच अवधी १०० वा भाग झाला, तर सरकणे ८ सेंटिमीटर, म्हणजे तीन पिक्सेल होते. अशी चित्रेही पुष्कळदा जुळतात. जोडणी यशस्वी होते. केवळ भिंतीची कड तीन पिक्सेल जाड होते. हद्दीच्या नकाशात ती कड हाच तर मूळ विषय असतो.

४

येथे विवेचनाच्या मध्यबिंदूकडे येता येईल. जोडणीस अनुकूल आणि पुराव्यास अनुकूल या दोन अटी प्रत्येक वेळी एकाच दिशेस नेत नाहीत.

उंचीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ड्रोन जितका उंच, तितका घरांचा व झाडांचा उंचसखलपणा उड्डाणाच्या उंचीच्या मानाने अल्प ठरतो, लगतची चित्रे अधिक समान दिसतात आणि जोडणी सोपी होते. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हरित क्षेत्रात १२० मीटरपर्यंत जाता येते. तेथवर जाण्याचा मोह साहजिक आहे, कारण छायाचित्रेही कमी लागतात. उलट ६० मीटरवर आल्यास पिक्सेल १.६ सेंटिमीटरचा होतो, परंतु त्याच क्षेत्रासाठी १०० मीटरच्या मानाने सुमारे पावणेतीन पट छायाचित्रे घ्यावी लागतात आणि उंच झाडांवर जोडणी बिघडण्याचे भय वाढते. स्वामित्व योजनेत उड्डाणापूर्वी मिळकतींच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखल्या जातात. ही रेघ दहा सेंटिमीटर रुंद मानली, तर २.७ सेंटिमीटरच्या पिक्सेलने ती तीन-चार पिक्सेलांची होते. पांढरट मुरुमावर अथवा अतिप्रकाशित चित्रात ती तेवढीही उरत नाही. जोडणीच्या दृष्टीने रेघ दिसली काय अन् न दिसली काय, सारखेच.

प्रकाशाचेही तसेच आहे. मध्यान्ही सावल्या आखूड असतात म्हणून ती वेळ उत्तम, असे सांगण्यात येते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबराच्या उत्तरार्धात सूर्य मध्यान्हीदेखील क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच असतो, आणि पाच मीटर उंच भिंतीची सावली उत्तरेस साडेचार मीटर पडते. गावठाणातील अरुंद बोळ तीत संपूर्ण बुडतो. मेच्या मध्यास सूर्य डोक्यावर येतो तेव्हा सावल्या नाहीशा होतात, परंतु ड्रोनच्या थेट खाली प्रखर उजळ पट्टा उमटतो आणि तो प्रत्येक चित्राबरोबर सरकत जातो. विरळ ढगांचा एकसारखा उजेड असलेला दिवस दोन्ही दृष्टींनी श्रेयस्कर होय. मात्र असा दिवस कामाच्या वेळापत्रकात मिळेलच असे नाही.

सर्वांत गंभीर विसंगती छपराची आहे. कॅमेरा वरून पाहतो. त्यास छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. सरळ खाली नसलेली वस्तू बाहेरच्या बाजूस कललेली दिसते : १०० मीटर उंचीवरील कॅमेऱ्यापासून आडव्या अंतराने ३८ मीटर दूर असलेल्या पाच मीटर उंच भिंतीचा माथा पायापासून दोन मीटर सरकलेला दिसतो. ऑर्थोफोटोत हा कल दूर होतो, पण पृष्ठभागाचे प्रतिरूप कौलाच्या कडेशी अचूक असेल तरच. आणि तो पूर्णपणे दूर झाला तरी जी रेषा हाती येते ती वळचणीची, जोत्याची नव्हे. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाच्या माऱ्यापासून भिंत वाचविण्यासाठी छप्पर भिंतीबाहेर बरेच काढलेले असते. ३० × २० फुटांच्या घरास चारही बाजूंनी दीड फुटाची वळचण असेल, तर भिंतींमधील क्षेत्र ६०० चौरस फूट आणि वरून दिसणारे क्षेत्र ७५९ चौरस फूट होते. हा फरक एक चतुर्थांशाहून अधिक आहे. १:५०० च्या नकाशावर दीड फुटाची ही पट्टी जेमतेम ०.९ मिलिमीटर भरते. परंतु पागोळीचे पाणी कोणाच्या जागेत पडते, या प्रश्नावरून भाऊबंदांची आणि शेजाऱ्यांची भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, हे ग्रामीण जीवनाशी परिचित असलेल्या कोणासही सांगावयास नको. ज्या ठिकाणी दोन घरांच्या वळचणी एकमेकींस टेकल्या आहेत, तेथे खालचा दोन-तीन फुटांचा बोळ नकाशातून सर्वस्वी लुप्त होतो. अशा चित्राची जोडणी उत्कृष्ट असते. कारण सलग छपरे सांधण्यास अडचण ती कोणती?

चुन्याची रेघ ही उणीव भरून काढते, असा युक्तिवाद होईल. तो काही अंशी ग्राह्य आहे. परंतु रेघ वळचणीखाली गेली की कॅमेऱ्यास ती दिसत नाही. शिवाय रेघ ही भूमीची साक्ष नव्हे. त्या दिवशी उपस्थित असलेल्यांचे ते कथन होय. पुण्यामुंबईस नोकरीस गेलेल्या भावाच्या गैरहजेरीत आखलेली रेघही तितकीच पांढरी असते. म्हणून छायाचित्रानंतर प्रत्यक्ष जागेवर जाऊन होणारी पडताळणी आणि हरकती ऐकण्याची क्रिया हा नकाशाचा परिशिष्ट भाग नसून गाभा आहे, असेच म्हटले पाहिजे.

५

आता नकाशाच्या अचूकतेविषयीच्या दाव्यांकडे वळावे. जोडणी संपल्यावर संगणक एक अहवाल देतो. त्यात भू-नियंत्रण बिंदूंवरील शेष दोष दिलेला असतो, आणि तो बहुधा अत्यल्प असतो. परंतु ज्या बिंदूंना बांधून नकाशा बसविला, त्यांच्यावरच त्याची परीक्षा घेणे म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासण्यासारखे आहे. परीक्षा घ्यावयाची ती समायोजनात न वापरलेल्या स्वतंत्र पडताळणी बिंदूंवर. तेथेही केवळ सरासरीवर विसंबता येत नाही. दहा बिंदूंपैकी नऊंवर दोष २ सेंटिमीटर व एकावर ३० सेंटिमीटर असला, तर वर्गमाध्य दोष ९.७ सेंटिमीटर निघतो. दहा सेंटिमीटरची अट असल्यास नकाशा उत्तीर्ण होतो. मात्र त्या एका बिंदूपाशी ज्याचे घर आहे, त्यास या उत्तीर्णतेचा उपयोग नाही.

याहून सूक्ष्म असा एक दोष आहे. सर्व छायाचित्रे सरळ खाली रोखून आणि एकाच उंचीवरून घेतली, तर भिंगाच्या वक्रतेचा अंदाज किंचित चुकला तरी संपूर्ण भूपृष्ठ घुमटासारखे फुगते अथवा परातीसारखे खोलगट होते. जेम्स व रॉब्सन यांनी २०१४ मध्ये या दोषाचे विवेचन केले आणि काही तिरपी छायाचित्रे घेतल्याने तो पुष्कळच कमी होतो, असे दाखविले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, अशा फुगलेल्या प्रतिरूपात जोडणीचा दोष कोठेही दिसत नाही. छायाचित्रे परस्परांशी पूर्णतः सुसंगत असतात. ती केवळ भूमीशी विसंगत असतात. आच्छादन वाढवून हा दोष जात नाही. ड्रोनवरील उपग्रहाधारित अचूक स्थाननिश्चितीने तो आटोक्यात येतो. तरी सपाट भूमीवरील एकाच उंचीच्या उड्डाणात नाभीय अंतरातील चूक आणि उंचीतील चूक एकमेकींत मिसळून जातात, म्हणून जमिनीवरील निदान काही बिंदूंवाचून गत्यंतर नाही. हे बिंदू केवळ मध्यभागी न ठेवता क्षेत्राच्या कडांवर आणि उंचसखल स्थानांवर विखुरलेले असावेत.

६

वरील विवेचनाचा अर्थ ड्रोनची पद्धती त्याज्य आहे असा नाही. साखळीने व टेबलाने गावठाणातील प्रत्येक घर मोजावयाचे म्हटले असते, तर बहुसंख्य गावांचा क्रम आणखी कित्येक वर्षे आला नसता. ज्या घरांना दीडशेहून अधिक वर्षे नकाशा नव्हता, त्यांना तो मिळणे ही मोठी गोष्ट आहे. नकाशाच नसण्यापेक्षा थोडा सदोष नकाशा बरा, हा आक्षेप म्हणूनच गंभीरपणे घ्यावा लागतो. परंतु त्यास उत्तर आहे. नकाशा नसता तेव्हा वाद तोंडी साक्षीने सुटत असे आणि साक्षीदारास उलट प्रश्न विचारता येत असत. मुद्रांकित नकाशास उलट प्रश्न कोण विचारणार? सदोष नकाशा उपकारक ठरतो तो त्याचा दोष लिहून ठेवलेला असेल तरच.

चिकित्सित आवृत्तीचे मोल तिच्या तळटीपांत असते. कोणता पाठ किती पोथ्यांत आहे, कोठे तो संशयित आहे, हे संपादक लपवीत नाही. त्याच न्यायाने सांधलेल्या नकाशासोबत किती उंचीवरून, कोणत्या दिवशी व वेळी छायाचित्रे घेतली, प्रत्येक भाग किती छायाचित्रांत दिसला, पडताळणी बिंदू कोठे होते आणि प्रत्येकावर किती दोष आढळला, ही माहिती जोडलेली असावी. जेथे हद्द वळचणीवरून काढली तेथे तसे, आणि जेथे जोत्यावरून मोजली तेथे तसे, निराळ्या रेषेने दर्शविलेले असावे. पिंपळाखाली व सावलीत जेथे काहीच निश्चित दिसले नाही, तेथे रंग मिसळून भोक बुजविण्याऐवजी ती जागा मोकळी ठेवावी. मोकळी जागा पाहून मोजणीदार तेथे फीत घेऊन जाईल. बुजविलेली जागा पाहून तो जाणार नाही.

यशस्वी जोडणी हे छायाचित्रकाराचे उद्दिष्ट असणे योग्यच आहे. त्यावाचून पुढचे काहीच शक्य नाही. नकाशाच्या परीक्षकाने मात्र सांधा दिसत नाही एवढ्याने संतुष्ट होऊ नये. सांधा कोठे आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंस कोणाचे घर आहे, हे विचारण्यापासून त्याचे काम सुरू होते.